एका आवाजावर बावीस टन

क्रेनचा मागचा डावा पाय जमिनीत चालला होता. ऑपरेटर केबिनमधून मान बाहेर काढून मला विचारत होता, सोडू की धरू. गेटबाहेर आसपासच्या गावांतली शेदोनशे माणसं माझं उत्तर ऐकायला उभी होती.

"सोड," मी ओरडले. "हळू सोड."

नशीब इतकंच की क्रेनचे पट्टे नुकते ताणले गेले होते. ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवरून अजून हललाही नव्हता. पट्टे सैल झाले, क्रेन सरळ झाली आणि तिच्या पायाच्या जागी हातभर खोल खड्डा राहिला. क्रेन वजन उचलायच्या आधी चारी बाजूंना लोखंडी पाय रोवते, म्हणजे ती स्वतः कलंडत नाही. त्यातला एक पाय जमीनच गिळायला लागली तर उचलणार काय आणि ठेवणार कुठे? ऑपरेटर खाली उतरला, खड्ड्यात वाकला आणि म्हणाला की मॅडम, मला बायकापोरं आहेत. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मी वीज कंपनीत डेप्युटी एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर आहे. लोक नुसतं डेप्युटी म्हणतात, माझे सासरे डिपटी म्हणतात. घर अमरावतीत, काम नांदगाव खंडेश्वर तालुक्यात. ही गोष्ट तिथल्या एका सबस्टेशनची. सबस्टेशन म्हणजे मोठ्या तारांवरून आलेली तेहतीस हजार व्होल्टची वीज जिथे अकरा हजारांवर उतरते आणि मग गावोगावी निघते ती जागा. ही उतरवण्याची कामगिरी ट्रान्सफॉर्मर करतो. आमचा जुना ट्रान्सफॉर्मर जळाला होता. शेजारच्या सबस्टेशनवरून उसनी वीज घेऊन मी अकरा गावांना आळीपाळीनं चार-चार तास देत होते. गहू ओंबीवर आला होता, विहिरीत पाणी होतं आणि त्या उसन्या विजेवर मोटार चालत नव्हती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला शांतपणे सांगितलं होतं की आठवड्यात एक पाणी बसलं नाही तर दाणा भरणार नाही, पुढं तुम्ही सोन्याची लाइट दिली तरी. शिव्या देणारे परवडतात, असं शांतपणे बोलणारे नाही परवडत.

आता नवा ट्रान्सफॉर्मर आला होता. बावीस टन. ट्रेलर कसाबसा गेटच्या आत घेतला होता, पण तिथून त्याचा चौथरा साठ फूट लांब. साठ फूट म्हणजे चालत गेलं तर वीस-पंचवीस पावलं. माझी त्या वीस-पंचवीस पावलांनी झोप उडवली.

आणखी एक भानगड होती. ट्रान्सफॉर्मरच्या पोटाला डब्याएवढं एक यंत्र लावलेलं होतं. त्याला इम्पॅक्ट रेकॉर्डर म्हणतात. कारखान्यातून निघाल्यापासून जागेवर बसेपर्यंत त्याला जे काही धक्के बसतात ते सगळे हे यंत्र वेळेसकट टिपून ठेवतं. ट्रान्सफॉर्मरच्या आत तांब्याच्या गुंडाळ्या असतात, कागदात आणि लाकडी ठोकळ्यांत घट्ट बसवलेल्या. जोराचा धक्का बसला की त्या आतल्या आत सरकतात. बाहेरून काही दिसत नाही, आणि वीज सोडली की सगळं संपतं. म्हणून नियम असा की रेकॉर्डरची रेघ तीनच्या वर गेली तर ट्रान्सफॉर्मर तपासणीला परत कारखान्यात. म्हणजे निदान दोन महिने. हे पाहायला कारखान्याचा सर्व्हिस इंजिनीअर निखिल सोबत आला होता. माणूस सभ्य, पण नियमाचा पक्का. त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मॅडम, तीन म्हणजे तीन. दोन पूर्णांक नऊला मी तुमचा, तीन पूर्णांक एकला मी कंपनीचा."

साहेबांना फोन केला. आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर राऊत साहेब अमरावतीच्या ऑफिसात बसतात. ते म्हणाले की नागपूरहून मोठी क्रेन मागवू, तिवशावरून येईल. मी म्हटलं, मोठी क्रेन म्हणजे आणखी जड, ती तर कमरेपर्यंत जाईल. मग म्हणाले, आधी खोदून खडी-मुरूम भरून रस्ता करू. किती दिवस? पंधरा. गव्हाकडे एकच आठवडा होता.

वासुदेव आमचा लाइनमन. वीस वर्षं खांबावर काढलेला. तो बाजूला उभा राहून सगळं ऐकत होता. त्यानं सांगितलं की तेल्हाऱ्याकडे त्याच्या मेव्हण्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचा प्रेस बसवला होता, तो असाच दारात अडकला होता, आणि अकोल्याच्या शब्बीर मुकादमांनी तो हातानं आत नेला. "हातानं म्हंजे हातानंच मॅडम. क्रेन न्हाई, काही न्हाई. लाकडं न् दोर."

मी साहेबांना सांगितलं. ते हसले. मग माझा आवाज ऐकून हसायचे थांबले आणि म्हणाले, करायचं तर तुमच्या सहीवर करा. मी हो म्हणून टाकलं. मला तशी सवयच आहे, आधी हो म्हणायचं आणि मग घाबरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शब्बीर मुकादम आले. मागे ट्रक, ट्रकमध्ये रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपर, रूळ, जॅक, दोन हातविंच आणि आठ माणसं. सगळ्यात लहान माणूस पन्नाशीचा असेल. मुकादम पासष्टीचे, काटकुळे, दाढी नेमकी कापलेली, चष्म्याच्या काड्यांना दोरी. मला वाटलं हे ट्रान्सफॉर्मरकडे जातील. ते त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता जमिनीकडे गेले. एक लांब सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि ट्रेलरपासून चौथऱ्यापर्यंत दर चार-पाच पावलांवर ती उभी धरून नुसती सोडत गेले. सब्बल किती शिरते ते पाहायचं, आवाज ऐकायचा, पुढं जायचं.

"शेजारच्या वावरात ओलित हाय का?" त्यांनी विचारलं.

होतं. कुंपणाला लागून संत्र्याची बाग होती, तिला रोज पाणी जात होतं.

"तेच पाणी अठी खालून येऊन राह्यलं. वरून पापड हाय मॅडम, खाली शिरा हाय. तुमी पापड पाहून क्रेन बलवली."

माझ्याकडे इंजिनीअरिंगची पदवी आहे आणि माती हा विषय मी पासही झाले आहे. तरी जमीन कोरडी दिसते एवढ्यावर मी क्रेन मागवली होती. बाजूच्या बागेकडे मी बघितलंही नव्हतं. मान्य करण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मुकादमांनी मग दोन अटी घातल्या. पहिली, क्रेन आवाराच्या बाहेर गेली पाहिजे. ती उभी दिसली की लोकांचं लक्ष तिच्याकडे जातं. दुसरी, वजन हलायला लागलं की आवाज एकच. फक्त त्यांचा. साहेब असो, मालक असो, कोणी बोलायचं नाही. मी हो हो म्हटलं. खरं सांगायचं तर दुसरी अट मी नीट ऐकलीही नव्हती. मी ट्रकमधून उतरणाऱ्या स्लीपर मोजत होते.

त्या दिवशी मी जे पाहिलं ते मला कोणी कॉलेजात दाखवलं असतं तर मी कधी वर्गात डुलकी काढली नसती. ट्रेलरची पाठ जमिनीपासून साडेतीन-चार फूट उंच. चौथरा दोन फूट. मुकादमांचं म्हणणं असं की बावीस टन खाली उतरवून पुन्हा वर चढवायचे कशाला? ट्रेलरच्याच उंचीवर साठ फुटांचा लाकडी पूल बांधू, त्यावर रूळ टाकू, रुळावरून ओढत नेऊ आणि चौथऱ्यावर पोचल्यावर इंच-इंच खाली घेऊ. पुलाला पाय म्हणजे स्लीपरच्या थप्प्या, एक थर आडवा, एक उभा. प्रत्येक थप्पीखाली आधी ओली माती काढली, मुरूम ठोकला, लोखंडी पत्रे अंथरले. जिथे सब्बल जास्त शिरली होती तिथे थप्पीचा तळ दुप्पट रुंद केला.

प्रत्येक स्लीपरवर पांढऱ्या रंगात नंबर होता. मुकादम आवाज द्यायचे, बावीस नंबर आणा, सात नंबर न्हाई, ती पोटातून नरम हाय, ती वरच्या थराले ठेवा. मला वाटलं नाटक करतायत. मी मुद्दाम सात नंबरवर टाचेनं दाबून पाहिलं. मला काही कळलं नाही. त्यांच्या माणसाला कळलं असावं, कारण त्यानं ती स्लीपर उचलताना खांदा बदलला.

आणि कोणी घाई करत नव्हतं. हे मला सगळ्यात नवल वाटलं. आमच्याकडे कामावर धावपळ दिसली की काम चाललंय असं समजतात. हे आठ जण पळत नव्हते, हाका मारत नव्हते, पण संध्याकाळी पाचला पूल उभा होता. मुकादमांनी गवंड्याकडे असते तशी पाण्याची पारदर्शक नळी घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रुळांची पातळी पाहिली. निखिलनं आपलं लेझरचं यंत्र लावलं. दोन्हींत दोन मिलिमीटरचा फरक आला. निखिलनं यंत्र पुन्हा लावलं, मग फरक गेला. त्यानंतर तो मुकादमांना चाचा म्हणायला लागला.

मी घरी गेले ते नुसती बडबडत. नवरा म्हणाला, तू ट्रान्सफॉर्मरबद्दल बोलतेयस की लग्नाच्या मांडवाबद्दल? दोन्हीत फार फरक नव्हता, मला तेव्हा तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सात वाजता काम सुरू झालं. आधी ट्रेलरवरच ट्रान्सफॉर्मर जॅकनं उचलायचा. एका वेळी एकच बाजू, एक इंच, की लगेच खाली फळी सारायची. जॅक दगा देईल पण फळी देत नाही, म्हणून वजन कधीही नुसत्या जॅकवर ठेवायचं नाही. तासाभरात खाली रूळ सरकले, रुळाला ग्रीस लागलं. चौथऱ्याच्या पलीकडे दोन हातविंच बांधल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. विंचचा दांडा एकदा मागे-पुढे केला की दोर दोन बोटं आत येतो. दोन्ही दांडे एकाच वेळी हलले तर ट्रान्सफॉर्मर सरळ येतो. मागून एक दोर धरलेला, ब्रेकसारखा.

पण डाव्या विंचचा माणूस रात्रीच तापानं फणफणला होता. सात माणसांत भागत नव्हतं. मी म्हटलं, आमचा वासुदेव आहे. तारा ओढायला आम्ही असलीच विंच वापरतो, त्याचा हात बसलेला आहे. मुकादम वासुदेवकडे बघत राहिले.

"हात चांगला असन त्याचा. पन तो तुमचा मानूस हाय. तो तुमचं आयकते."

मी म्हटलं, आज तो तुमचं ऐकेल. ते आणखी काही बोलणार होते, पण मी घड्याळ पाहिलं आणि त्यांनी ते पाहिलं.

साडेनऊला पहिली हाक आली. "हां... ले." दोन्ही दांडे एकदम मागे आले. रुळावर ग्रीसचा बारीक चिकट आवाज झाला आणि बावीस टन दोन बोटं पुढे सरकले. "हां... ले." आणखी दोन बोटं. मुकादम मधोमध, जिथून दोन्ही विंच दिसतील असे उभे. एक तळवा कायम जवळच्या थप्पीवर टेकलेला. हाकांमधलं अंतर इतकं सारखं की थोड्या वेळानं माझा श्वास त्यावर चालायला लागला. गेटबाहेरची माणसं गप्प होती. दोनशे वऱ्हाडी माणसं एका ठिकाणी गप्प, हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं.

ट्रेलर मागे पडला. दहा फूट, वीस फूट. ट्रान्सफॉर्मर आता पूर्णपणे त्या लाकडाच्या पुलावर होता. मला नाचावंसं वाटत होतं. तीस फुटांवर तो चौथ्या थप्पीवर चढला आणि खालून गोळी सुटल्यासारखा फट्ट आवाज झाला.

"थांबा," मी ओरडले. पूर्ण ताकदीनं.

वासुदेवचा हात जागच्या जागी थांबला. माझ्या पाठोपाठ मुकादमांची ठरलेली हाक आली आणि उजव्या विंचवरच्या माणसानं दांडा ओढला. तो मला ओळखतच नव्हता, त्याच्या कानात एकच आवाज होता. डावी बाजू थांबली, उजवी पुढे आली. बावीस टनांचं नाक डावीकडे वळलं आणि तळ ग्रीसवरून घसरून टक् करून थांबला. मुकादमांचा हात वर गेला. सगळे गोठले.

ट्रान्सफॉर्मरचा तळ आधी डाव्या रुळावर कडेपासून चार बोटं आत होता. आता एक बोट उरलं होतं. आणखी एक दांडा ओढला असता तर तो रुळावरून उतरला असता, थप्पीवरून गेला असता, आणि मग रेकॉर्डर बघायची गरजच उरली नसती. निखिल धावत रेकॉर्डरकडे गेला. दिवा हिरवा होता. पण दिवा उशिराही बदलतो म्हणे, आतली रेघ किती उडाली ते काम संपल्यावर लॅपटॉप लावल्याशिवाय कळणार नव्हतं. तो माझ्याकडे न बघता परत आला.

मुकादम आधी वासुदेवकडे गेले. त्याच्या हातातून दांडा सोडवला, त्याला पाणी प्यायला सांगितलं. मग माझ्याकडे आले. मला वाटलं आता सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी निघणार. मी त्यासाठी तयारच होते, माझी चूक होती.

"काहून बोल्ल्या मॅडम?"

"स्लीपर फुटली असं वाटलं."

ते मला चौथ्या थप्पीपाशी घेऊन गेले. माझा हात वरच्या स्लीपरवर ठेवायला लावला. लाकूड गरम होतं आणि दगडासारखं घट्ट. मग मागच्या, वजन नसलेल्या थप्पीवर ठेवायला लावला. तिथे कुठूनतरी बारीक हलल्यासारखं लागत होतं.

"सुकं लाकूड वजनाखाली आलं का ओरडते, न् मंग जागा धरून बसते. चौथीनं आवाज केला म्हनून मी पुढची हाक देल्ली. गप राह्यली असती तं मीच थांबलो असतो. तवा काहीतरी चुकलं असतं." त्यांनी वासुदेवकडे पाहिलं. "तुमच्या मानसाले विंच मी देल्ली. ते माही गलती."

मी म्हटलं, गलती माझी आहे. ते म्हणाले, कामावर मुकादम एकच असतो, तर गलती पण त्याचीच. एवढं बोलून ते कामाला लागले. मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ऊन लागतंय असं दाखवून डोळे पुसले.

पुढं काय करायचं ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. वासुदेवच डाव्या विंचवर राहील. आता नवा माणूस घातला तर त्याचा हात बसायला वेळ जाईल. उजवीकडचा दोर केसभर ढिला करायचा, मागचा ब्रेक ताणून धरायचा आणि डावीकडून एकट्यानं, अर्धा-अर्धा दांडा ओढून नाक सरळ करायचं. "न् मॅडम, तुमी आत जा. त्याले तुमी दिसल्या न्हाई पायजे."

मग मी, त्या सबस्टेशनची सगळ्यात मोठी अधिकारी, कंट्रोल रूममध्ये जाऊन बसले आणि खिडकीच्या काचेतून माझंच काम बघायला लागले. तोंडावर स्वतःचा हात घट्ट दाबून ठेवला होता, कारण माझा माझ्यावर भरोसा उरला नव्हता. काचेतून हाक ऐकू येत नव्हती. नुसते मुकादमांचे ओठ हललेले दिसायचे, मग वासुदेवचा खांदा, मग काहीच नाही. मुकादम रुळाशी उकिडवे बसायचे, कडेवर बोट आडवं ठेवून पाहायचे, उठायचे. एक बोट. सव्वा बोट. वासुदेवचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं एकदाही खिडकीकडे पाहिलं नाही. माझा वीस वर्षांचा लाइनमन अर्ध्या तासात माझ्या हुकमातून निघून गेला होता आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

पाऊण तासानं मुकादमांनी रुळाच्या कडेवर आडवी चार बोटं ठेवली. मग ते उभे राहिले आणि तीच जुनी हाक सुरू झाली. या वेळी मला ती काचेतूनही कळली.

दीडला ट्रान्सफॉर्मर चौथऱ्यावर पोचला. जेवण झालं. भाकरी, ठेचा आणि मी नांदगावहून मागवलेले आलुबोंडे. मुकादमांनी एकच घेतला, म्हणाले वजन खाली घ्यायचं अजून बाकी आहे, पोट जड नको. मग चार जॅकवर एक-एक इंच खाली. एक बाजू उतरली की एक फळी काढायची, मग दुसरी बाजू. पावणेपाचला तळ चौथऱ्यावरच्या रुळांना टेकला. टेकला ते मला कळलंच नाही. मी अजून काही व्हायची वाट पाहत होते आणि त्यांची माणसं जॅक गोळा करत होती. गेटबाहेरून टाळ्या वाजायला लागल्या तेव्हा मी भानावर आले.

निखिलनं लॅपटॉप लावला. मी त्याच्या मागे उभी राहिले. पडद्यावर सकाळी सातपासूनची रेघ होती. सपाट. आठ, नऊ, साडेनऊ, सपाट. त्याच रेकॉर्डरवर कारखान्यापासून इथपर्यंतच्या रस्त्याची रेघ करवतीसारखी होती, आणि इथे साठ फुटांत जणू ट्रान्सफॉर्मर हललाच नव्हता. मग दहा वाजून बावन्न मिनिटांवर एक टोक आलं. निखिलनं ते मोठं करून पाहिलं. एक पूर्णांक सहा.

"पास," तो म्हणाला. मग म्हणाला की त्यानं इतक्या ठिकाणी ट्रान्सफॉर्मर उतरवले, चांगल्या क्रेनच्या रेघाही पाहिल्या, पण अशी रेघ पाहिली नाही. हे तो मला सांगत होता, पण बघत मुकादमांकडे होता.

चार दिवसांत तेल भरलं, चाचण्या झाल्या आणि ट्रान्सफॉर्मर चार्ज केला. म्हणजे त्यात वीज सोडली. तो घुमायला लागला तेव्हा वासुदेवनं एकेका फीडरचं, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या लाइनचं, स्विच टाकलं आणि अकरा गावांच्या मोटारी चालू झाल्याचं मीटरच्या काट्यावर दिसायला लागलं. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन आला. पाणी सुरू झालंय, एवढंच बोलला आणि ठेवला.

मुकादम त्या दिवशी उरलेल्या स्लीपर न्यायला आले होते. ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाबाहेर उभे राहून त्यांनी त्याचं घुमणं ऐकलं. मग माझ्या टेबलासमोर बसले. मी विचारलं, तुम्हाला काय देऊ? मला वाटलं एखादं सर्टिफिकेट मागतील, मी लेटरहेडही काढून ठेवलं होतं.

"ते रेघेचा कागद मले द्या," ते म्हणाले. "त्या निखिलसाहेबानं दाखवला तो. लिहून तं कोनीबी देते. ते मशीननं लिहिलं हाय."

मी प्रिंट काढून दिली. त्यांनी चष्मा वर सारला आणि सकाळी सातपासून बोटानं रेघ चालत गेले. दहा बावन्नपाशी बोट थांबलं.

"हे काय हाय?"

"ते माझं," मी म्हटलं. "मी ओरडले ते."

त्यांनी मान हलवली. कागद परत माझ्यापुढे ठेवला आणि टेबलावरच्या कात्रीकडे बोट दाखवलं.

"मंग तेवढं कापून घ्या. बाकीचं आमचं."

मी दहा बावन्नच्या दोन्ही बाजूंनी सरळ कापलं. उरलेले दोन तुकडे सेलोटेपनं जोडून दिले. त्यांनी ती घडी शर्टाच्या वरच्या खिशात, चष्म्याच्या घरामागे ठेवली आणि स्लीपर मोजायला गेले.

मधला तुकडा माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. नवीन रुजू झालेले ज्युनिअर इंजिनीअर कधी कधी विचारतात की मॅडम, हा कशाचा ग्राफ? मी सांगते, माझ्या आवाजाचा.